मागच्या सीटची उंची

अमरावतीच्या पंचवटी चौकाच्या अलीकडे रातोरात एक नवा ब्रेकर उगवला होता. त्यावर पांढरे पट्टेही अजून मारले नव्हते. मला तो तसा वेळेवर दिसला, म्हणजे गाडी थांबवण्याइतका वेळ नव्हता, पण हँडल घट्ट धरून बसल्या जागी अंग थोडं उचलण्याइतका होता. मी उचललं. माझी जुनी राजदूत मोटारसायकल वर गेली, खाली आली आणि माझ्या मागे बायकोच्या, वच्छलाच्या तोंडून ‘हिक्’ असा आवाज निघाला, उचकीसारखा. मग रस्त्यावर वांगी पडल्याचा आवाज आला. वांगी पडल्याचा आवाज असतो हे मला तोवर माहीत नव्हतं. मी गाडी कडेला घेतली. वच्छला उतरली, पदर सारखा केला, एकेक वांगं उचलून, पुसून पिशवीत टाकलं. एक नालीत गेलं होतं, त्याच्याकडे तिने नुसतं पाहिलं. मी म्हणालो, “कंबरेत भरलं का?” ती माझ्याकडे पाहत राहिली, जरा जास्तच वेळ. मग “हो” म्हणाली, हात वर करून एक ऑटो थांबवला आणि त्यात बसता बसता म्हणाली, “मी नाही बसत आता तुमच्या मांगं.” रागाने नाही. आज भाजीत मीठ कमी आहे, असं सांगावं तशी. मी त्या ऑटोच्या मागे मागे घरी आलो. ऑटोच्या मागच्या काचेतून तिचा अंबाडा दिसत होता आणि मला एकदम जाणवलं, की आपण हिच्या मागून कधी चाललोच नव्हतो. गाडीवर ती मागे, पायी चालतानाही ती मागे, कारण माझी ढांग लांब. अंबाडा छान होता. हे तिला सांगावं असं घरी पोचेपर्यंत मनात होतं. घरी पोचल्यावर मी चाव्या खिळ्याला लावल्या आणि वर्तमानपत्र घेतलं.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर एका म्हाताऱ्याने एवढ्या तेवढ्यासाठी एवढा खटाटोप का केला, हे कळायचं नाही. सांगितल्यावरही कळेल की नाही, याची मला खात्री नाही. मला समोरासमोर बोलता येत नाही. नोकरीभर मी कॉलेजच्या ग्रंथालयात होतो, तिथे न बोलणं हा गुण धरला जायचा, त्यामुळे निभावलं. घरात नाही निभावत. समोर माणूस बसलं, त्याचे डोळे आपल्यावर आले, की माझी वाक्यं तोंडाशी येऊन उलटी फिरतात. लग्न झालं तेव्हा पहिले काही महिने वच्छलाला वाटलं, नवरा शिष्ट आहे. मग मी ही राजदूत घेतली, आणि वडाळीच्या रस्त्याला लागलो तेव्हा माझा मीच बोलायला लागलो. समोर रस्ता, डोळे रस्त्यावर, कोणी आपल्याकडे पाहत नाही, डाव्या कानामागे एक ओळखीचा श्वास. मी घडाघडा बोललो. ती मागून म्हणाली, “अवं माय, तुमाले तं बोलता येते!” त्यानंतर आमच्या घरातलं जे काही ठरलं ते गाडीवर ठरलं. मुलाला कोणत्या शाळेत घालायचं, प्लॉट घ्यायचा की नाही, माझे वडील पुंजाजी शेवटच्या दुखण्यात आमच्याकडे राहावेत की थोरल्या भावाकडे. दरवर्षी नागपूरला दीक्षाभूमीवर जायचो तेही गाडीनेच, आणि तळेगावच्या पुढे आम्ही वर्षभराचा हिशेब करायचो, कोणाचं काय चुकलं याचा. बहुतेक माझंच. मुलगा पुण्याला गेला, त्याच्या लग्नाचंही त्याच रस्त्यावर. माझं लग्न, खरं सांगायचं तर, त्या गाडीच्या दोन सीटांच्या मध्ये झालं आहे. बाकी घर म्हणजे गाडी उभी करायची जागा.

आणि आता ती ऑटोने जाऊ लागली. रुसलेली नव्हती. सकाळी शेजारच्या प्रियदर्शनीबरोबर फिरायला जायची, हसत परत यायची, भाजी टाकताना गुणगुणायची. मला “चहा?” विचारायची, मी “हं” म्हणायचो. संध्याकाळी मी मुद्दाम गाडी पुसत अंगणात उभा राहायचो, म्हणजे तिला जायचं असेल तर. ती फाटकातून निघायची, “पुसता तं चांगले तुमी” म्हणायची आणि कोपऱ्यावर ऑटोला हात करायची. एकदा जेवताना मी बोलायचं ठरवलं. मुलाच्या पुण्याहून आलेल्या फोनबद्दल दोन वाक्यं मनात जुळवली, वर पाहिलं, ती माझ्याकडे पाहत होती, आणि मी म्हणालो, “वरण.” तिने वरण वाढलं. मला वरण नको होतं.

माझा स्वभाव असा की अडचण आली की मी वाचायला लागतो. कंबर हा विषय घेतला तर त्यात मणके होते, ते माझ्या हातातले नव्हते. गाडी हा विषय घेतला, तिथे मात्र एक दार उघडलं. स्प्रिंगा. मी इतकी वर्षं ज्यांच्यावर बसलो होतो त्या दोन स्प्रिंगांबद्दल मला काहीच माहीत नव्हतं. स्प्रिंग गचका खात नाही, तो फक्त थोडा वेळ सांभाळून ठेवते आणि मग परत देते. आणि परत देताना तिला आवरणारं तेल नळीत असतं, त्या सगळ्याला शॉकअप म्हणतात. हे वाचताना मला स्वतःबद्दल काहीतरी वाचल्यासारखं झालं, पण तेल कुठे असतं ते कळलं नाही. असो. मागे बसणारं माणूस बरोबर चाकाच्या डोक्यावर बसतं म्हणून गचका थेट त्याला लागतो, चालवणारा मध्ये बसतो म्हणून त्याला कमी, हेही वाचलं. म्हणजे चाळीस वर्षं मी आरामशीर जागी बसून तिला सगळ्यात वाईट जागी बसवलं होतं. मला फार वाईट वाटलं, आणि लगेच बरंही वाटलं, कारण हे दुरुस्त करता येण्यासारखं होतं.

करिश्मा आठवली ती तेव्हा. ही मुलगी आमच्या ग्रंथालयात यायची, शिकायची इंजिनिअरिंग कॉलेजला, पण आमच्याकडे पंखे चांगले होते. यंत्रांच्या पुस्तकावर डोकं ठेवून झोपायची आणि मी तिला उठवत नसे. आता ती अकोल्याला बाळापूर रोडवर जुन्या मोटारसायकली नव्या करते. टाकी, चासी म्हणजे खालचा सांगाडा, चाकं, सगळं हवं तसं. तिचे वडील जीवन शेजारीच भाजीची अडत चालवतात आणि लेकीच्या दुकानात दिवसातून दहा वेळा डोकावतात. मी घरी सांगितलं, अकोल्याच्या एका वाचनालयाची पुस्तकं लावून द्यायची आहेत. वच्छला म्हणाली, “जा ना मंग. घरात बसून काय अंडे घालता.” मी एकटा गाडी घेऊन निघालो. मागे कोणी नसलं की राजदूत मागून उड्या मारते, हे मला त्या दिवशी कळलं. वजन नसलं तर स्प्रिंगला काम नसतं आणि मग ती वात्रटपणा करते. मूर्तिजापूरच्या अलीकडे संत्र्यांनी भरलेला एक ट्रक उलटला होता, सगळा रस्ता केशरी, आणि माणसं हसत वेचत होती. मी म्हणालो, “पाह्यलं का?” कोणी काही बोललं नाही. वाऱ्याने शर्ट फुगवला होता, तेवढंच.

करिश्माने गाडीभोवती एक फेरी मारली, बसून पाहिलं, मागून दाबून पाहिलं. मग खडू घेतला आणि दुकानाच्या फरशीवर राजदूत काढली, मापाला माप, दोन चाकं, चासी, मागच्या चाकाला धरणारा तो दोन बोटांचा लोखंडी चिमटा. मी त्या चित्राच्या कडेने सांभाळून चालत होतो, पायाने चाक पुसलं जाऊ नये म्हणून.

“सर, मुख्य चासीला हात लावायचा नाही,” ती म्हणाली. “तिथे नंबर आहे, आरटीओ आहे, आणि मला रात्री झोप हवी आहे. पण मागचा चिमटा आपण लांब करू. चाक मागे गेलं की काकू चाकाच्या पुढे येतील, डोक्यावर नाही. शॉकअप थोडे तिरपे करू, मऊ होतील. सीट?”

“खाली,” मी म्हणालो. “तिला चढायला त्रास नको. जितकी खाली होईल तितकी.”

“सीटखालचा मागचा दांडा बोल्टवर आहे, तो नवा करून खाली घेता येईल. मग पुढच्या चाकाचा फोर्कही थोडा उतरवावा लागेल, नाहीतर हँडल आळशी होतं. होऊन जाईल. काकू कशा बसतात?”

“एका बाजूने. डावीकडे पाय.”

“ते झालं. पण म्हणजे वजन कुठे टाकतात? पाठीवर रेलतात की पुढे वाकतात? गुडघे कुठे येतात?”

मला माहीत नव्हतं. मी तिला तिथे बसलेली कधी पाहिलीच नव्हती. उजव्या खांद्यावरचा हात मला माहीत होता, त्याचं वजन सकाळी वेगळं आणि परतताना वेगळं. वळणावर तो हात जरा घट्ट होई. पाऊस लागला की कपाळ पाठीला टेके. नागपूरहून येताना झोप लागली की ती डावीकडे झुके आणि मी नकळत उजवीकडे झुके, आणि आम्ही तसे तिरपे तिरपे घरापर्यंत येऊ. पण गुडघे? मला तिच्याबद्दल जे माहीत होतं ते सगळं माझ्या पाठीला माहीत होतं. करिश्मा वाट पाहत होती. “सर, काकूंना आणा ना एकदा.” मी म्हणालो, नको, झाल्यावर दाखवू. खरं कारण हे, की मला भीती वाटत होती, ती ‘राहू द्या’ म्हणेल. तिने ‘राहू द्या’ म्हटलं असतं तर मी राहू दिलं असतं.

“मग तुम्ही बसा,” करिश्मा म्हणाली. “तुमची उंची जास्त आहे, पण अंदाज येईल. एका बाजूने बसा, काकूंसारखे.”

मी बसलो. दोन्ही पाय डावीकडे, हात मांडीवर. समोर भिंत होती, भिंतीवर टायरच्या कंपनीचं कॅलेंडर. करिश्मा माझ्या गुडघ्याजवळ फूटपट्टी धरून बसली होती आणि मी कॅलेंडरकडे पाहत कंबर कशी लागत असेल याचा विचार करत होतो. तेवढ्यात जीवन आत आले, हातात कोथिंबिरीची जुडी. थबकले.

“सायेब! कुठं चालले असे नटून?”

“बाबा, माप घेऊन राहिले मी,” करिश्मा म्हणाली. “तुमी चूप राहा.”

“मी चूपच हावो. एक गजरा आणू का फक्त?”

त्यांचं हसणं ऐकून पलीकडचा टायरवालाही आला. मी उतरायला गेलो तर धोतर नेसल्यासारखे माझे पाय एकमेकांत अडकले. माझं इतकं हसू कधी झालं नव्हतं आणि विशेष म्हणजे मला त्याचं काही वाटलं नाही. जीवनने मला कोथिंबिरीची जुडी दिली, मी ती घेतली. गाडी तिथेच ठेवून एसटीने घरी आलो आणि वच्छलाला सांगितलं, गाडी दुरुस्तीला टाकली आहे.

पुढचा प्रश्न वजनाचा होता. स्प्रिंग कोणती घ्यायची हे मागे कोण बसणार त्यावर ठरतं. मला वच्छलाचं वजन माहीत नव्हतं, आणि ते विचारायचं कसं याचा मी एक आठवडा विचार केला. शेवटी वजनाचा काटा विकत आणला, माझ्या तब्येतीसाठी म्हणून. तिने त्यावर आधी पिठाचा डबा ठेवून पाहिला, मग गॅसची टाकी, मग स्वतः चढली आणि म्हणाली, “इकडं पाहू नका.” मी पाहिलं नाही. नंतर मला माझाच राग आला, पण ती म्हणाली होती. तेव्हा अकोल्याला जीवनने तोडगा काढला. आलूचं पोतं. एक भरलेलं, एक अर्धं. “वयनी मागून पाह्यल्या मी एकदा लग्नात, एवढ्याच हायेत,” असं म्हणत त्यांनी पोती सीटवर बांधली, तीही एका बाजूला कलती. मी ती पोती घेऊन बाळापूर रोडवर चकरा मारल्या. पहिल्या स्प्रिंगा कडक निघाल्या, दुसऱ्या इतक्या मऊ की गाडी म्हशीसारखी बसकण मारी. करिश्मा दर वेळी खडूने फरशीवरची रेघ पुसून नवी ओढी. अर्ध्या वाटेत एका चकरेला मी पोत्याला म्हणालो, “आता पुढं गड्डा हाय, धरून बस.” आणि मग मला थांबताच आलं नाही. मी पोत्याला पुण्याच्या फोनबद्दल सांगितलं. अंबाड्याबद्दल सांगितलं. पोतं ऐकत होतं. परत आलो तेव्हा करिश्माने विचारलं, कसं वाटलं सर, आणि मी म्हणालो, छान, फार छान. ती स्प्रिंग कायम झाली. ती चक्कर स्प्रिंगमुळे छान झाली होती की बोलण्यामुळे, हे मी तपासायला हवं होतं.

ते दिवस मजेचे गेले. सत्तरी उलटल्यावर हाताला ग्रीस लागण्यात एक गंमत असते. एसटीत शेजारचा माणूस माझी काळी नखं पाहून विचारी, “मिस्त्री का?” आणि मी “हो” म्हणे. करिश्माला माझ्या शंकांचा कंटाळा येत नसे, किंवा येत असेल तर ती इंजिन सुरू करी. चिमटा लांब झाला, चेन लांब झाली, शॉकअप तिरपे झाले. सीट उतरली ती पाटासारखी, रुंद, गुबगुबीत, आणि डाव्या बाजूला दोन्ही पाय ठेवायला एक मोठी लोखंडी पायरी, तिला रबर. टाकीवर तोच जुना लाल रंग. मी गाडीभोवती फिरलो आणि मला वाटलं, आपण आयुष्यात एक तरी काम पूर्ण केलं.

वच्छलाला मी बहिणीकडे जाऊ म्हणून एसटीने अकोल्याला नेलं. तिची बहीण अकोल्यालाच असते, तेवढं तरी खरं. बसमध्ये ती भांडून ड्रायव्हरच्या मागची सीट मिळवून बसली आणि सगळा वेळ त्याच्या खांद्यावरून पुढची काच पाहत राहिली. मी शेजारी, तोंडात एकच वाक्य, बाळापूर रोडवर काम आहे जरा. तेही रिक्षावाल्याला सांगितलं.

ती दुकानात शिरली, करिश्माने गाडीवरचं कापड ओढलं. वच्छला गाडीभोवती फिरली. तिने सीट दाबली, पायरीवर चप्पल ठेवून पाहिली.

“हे काय, झोपाळा केला का?”

“कंबरेसाठी,” मी म्हणालो.

“कोनाच्या?”

“तुझ्या.”

“माह्या कंबरेले काय झालं?”

जीवन दारात आले होते, त्यांनी तोंडावर हात धरला. मी म्हणालो, “त्या दिवशी. पंचवटीजवळ. तू म्हणालीस ना कंबरेत भरलं.”

“तुमीच म्हनलं कंबर. तुमी इचारलं, मी हो म्हनलं. रस्त्यावर उभं राहून कोन गोठी सांगत बसते?” दुकानात दोन परकी माणसं होती आणि तरी ती बोलली; तिला समोरासमोर बोलता येतं. “मले दिसत नाही,” ती म्हणाली. “तुमाले बरेकर दिसते, तुमी ढुंगन उचलता. मले कोन सांगते? मी आपली भिंती पाहत बसलेली. चाळीस वर्सं झाले, तुमच्या गाडीवरून मी अमरावती पाह्यली ती डावीकडची. समोर पाहाले मान वळवा तं तुमची पाठ. तो दिवस तं वांगे पडले, मले वाटलं, बस झालं आता.”

मला काहीतरी उत्तर द्यायचं होतं आणि जे आलं ते असं: “पण जाताना डावी बाजू आणि येताना दुसरी. म्हणजे दोन्ही बाजू पाहून होतात.”

“आन् समोरचं कवा?”

करिश्मा खाली बसली, हसू आवरेना म्हणून. मी म्हणालो, “सेमाडोहच्या जंगलात आपण अस्वल पाहिलं होतं.” हे मी लोकांना फार वेळा सांगितलं आहे, आम्ही अस्वल पाहिलं, रस्ता ओलांडून गेलं, वच्छला केवढी घाबरली होती.

“आपन नाही. तुमी पाह्यलं. उजवीकडं गेलं ते. मी वळली तवर झुडूप हालून राह्यलं होतं. घरी येऊन तुमी सगळ्याइले सांगतलं, हिनं पाह्यलं, तं मी काय म्हनू? मी बी सांगत राह्यली, हो बाप्पा, केवढं होतं!”

मी त्या पाटासारख्या सीटकडे पाहिलं. किती नीट केली होती. मी तिला आणखी खाली बसवली होती, माझ्या पाठीच्या आणखी आड, आणि पाय ठेवायला पायरी दिली होती, म्हणजे तिने भिंतींकडे आरामात पाहावं. हे सगळं मी स्प्रिंगच्या पुस्तकातून काढलं होतं. पण चमत्कारिक असं, की मला वाईट वाटायच्या आधी दुसरंच काही वाटलं. ती अख्खी दोन मिनिटं माझ्याशी बोलली होती, समोर उभी राहून, आणि मी तिच्याकडे पाहत होतो आणि उत्तरं देत होतो. मूर्खासारखी, पण देत होतो.

“मग कशी पाहिजे?” मी विचारलं.

“उच्ची. तुमच्या डोक्यावरून दिसलं पाहिजे. आन् मी दोन्हीकडं पाय टाकून बसन. प्रियदर्शनीच्या स्कुटीवर तशीच बसते मी, डरेस घालून. तिच्या खांद्यावरून सगळं दिसते, वडाळीचा तलाव पुरा समोरून येते.”

म्हणून ती सकाळी हसत परत यायची. मला कळलं, आणि थोडा मत्सरही वाटला, एका स्कुटीचा.

“हौदा बसवू का, वयनी?” जीवन म्हणाले. “वरून छत्री बी लावू.”

“लावा ना. मांगून तुमी नगारा वाजवत या.”

करिश्माने डोळे पुसले आणि खडू घेतला. फरशीवरच्या चित्रात पाटाची सीट होती, ती तिने तळहाताने पुसली आणि मागचा दांडा वर ओढला. “सर, सीट वर गेली की वजन वर जातं. या स्प्रिंगा चालणार नाहीत, आणि हा फोर्कही परत वर. लांब चिमटा मात्र कामाचा आहे, उंच बसवल्यावर तोच गाडी सांभाळेल. नाहीतर चढावर पुढचं चाक उचललं असतं.” मग वच्छलाकडे वळून, “काकू, खरं वजन पाहिजे. आलूवर नाही जमणार.”

“आलू?” वच्छलाने विचारलं.

जीवनने सांगितलं. सगळं सांगितलं, पोतं कसं बांधलं, मी त्याला घेऊन कसा फिरलो, परत आलो तेव्हा तोंड हलत होतं. वच्छला सरळ पलीकडच्या अडतीवर गेली, पोती तोलायच्या मोठ्या काट्यावर चढली, चप्पल काढून, आणि आकडा वाचून असा मोठ्याने सांगितला की टायरवाल्यालाही कळला असेल. मी दुसरीकडे पाहत होतो. “पाहा आता,” ती म्हणाली. मी पाहिलं. आलूपेक्षा कमी होतं.

गाडी परत खोलली गेली. या वेळी वच्छलाही येत होती, बहिणीकडे डबा ठेवून दुकानात. ती नुसत्या दांड्यावर गोणपाट टाकून बसायची आणि सांगायची, अजून बोटभर वर, अजून. मी पुढे हँडल धरून बसायचो. गाडी स्टँडवर, इंजिन बंद, समोर उघडं शटर, आणि रस्त्यावरून जे जाईल ते ती मागून सांगायची. मला शंका येत होत्या. इतक्या उंचावर ती घाबरली तर? गाडी वळणावर कलली तर? आणि एक शंका मी कोणाला सांगितली नाही. एका बाजूने बसल्यावर तिचं तोंड माझ्या कानापाशी येई. आता ती वर, ताठ, समोर पाहणारी. तिला सगळा रस्ता मिळाल्यावर माझ्याशी बोलायला ती खाली वाकेल कशाला? आम्हा दोघांचं जे काही होतं ते भिंतींचा कंटाळा येण्यातूनच झालं असेल तर? हा विचार फार वाईट होता आणि तो मला करिश्मा वेल्डिंग करत असताना आला, तेव्हा डोळे दुसरीकडे करायला निमित्त मिळालं.

गाडी तयार झाली तेव्हा थंडी पडली होती. वच्छला पंजाबी ड्रेसमध्ये आली, निळा, ओढणी गाठ मारून बांधलेली. डोक्यावर नवं हेल्मेट. ती पाय टाकून बसली तेव्हा मला खांद्यावर दोन हात जाणवले. दोन. आजवर एकच असायचा. गाडी किंचित दबली आणि दबून थांबली, करिश्मा म्हणाली होती तेवढीच. “जाऊन या बाळापूरपर्यंत,” ती म्हणाली. जीवन म्हणाले, “वयनी, वरचं हवामान कसं हाय ते कळवा.”

आम्ही निघालो. पहिला काही वेळ काहीच नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तूर, मधे कपाशीचे पांढरे ठिपके, हेल्मेटमध्ये माझा स्वतःचाच श्वास. मी मनात म्हणालो, झालं. मग माझ्या हेल्मेटला मागून टक असं लागलं. ती वाकली होती.

“बैलगाडी हाय.”

“दिसली.”

“मांगून एक कुत्रं येऊन राह्यलं.”

“दिसलं.”

टक. “बरेकर!”

मी अंग उचललं आणि त्याच क्षणी माझ्या मागे तीही उचलली. आम्ही दोघं एकत्र वर गेलो, गाडी आमच्या खालून ब्रेकरवरून निघून गेली आणि आम्ही परत एकत्र तिच्यावर बसलो. काही आवाज झाला नाही. ती हसली, ते मला खांद्यावरच्या हातांतून कळलं, आणि मग ती थांबेचना. पुढून येणाऱ्या ट्रकवर मुंबईचा नंबर आहे, त्या बाईच्या डोक्यावरची पाटी किती मोठी, पुण्याला फोन केला तेव्हा सूनबाई काय म्हणाली, घरी गेल्यावर अंगणातला तो गवताचा भाग काढू आणि तिथे पपई लावू. प्रत्येक गोष्टीच्या आधी टक. मी हो हो म्हणत होतो, मधेच नाही म्हणालो, पपईवर आमचं भांडण झालं, चांगलं दोन किलोमीटर. रस्ता वळला आणि ती मध्येच गप्प झाली. हात माझ्या खांद्यावर घट्ट झाले. मी गाडी हळू केली.

“काय झालं?”

“किल्ला,” ती म्हणाली. “किल्ला दिसला.”

मी मान उंचावली. माझ्या समोर बाभळी होत्या, एक उसाची गाडी होती, तिच्यावरून काही दिसत नव्हतं. मी इतक्या वेळा या रस्त्याने गेलो आहे, तिला इथेच कुठेतरी सांगितलं आहे, आला बरं का बाळापूरचा किल्ला, आणि तिने मान वळवेपर्यंत पुढे निघून गेलो आहे.

“कसा आहे?” मी ओरडून विचारलं.

तिचं हेल्मेट माझ्या हेल्मेटला टेकलं आणि या वेळी टेकूनच राहिलं, आणि ती सांगायला लागली.